सर्वर कोन होय जी?

खरिपाच्या धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मोहाडीत ऑनलाइन कामं करून देणारं एक दुकान आहे, तिथं मी हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. (आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात सिद्ध करावं लागतं. गंमत वाटते, पण करावं लागतं.) दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बाकावर सहा-सात जण, बाहेर मोटारसायकलींना टेकलेले दहा-बारा, आणि आत खुर्चीवर विशीतला एक पोरगा पडद्याकडे एकटक बघत बसलेला. पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत होती. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली आणि रोजचंच वाक्य म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

बाकावर साठीची एक बाई होती. नवरा दीड वर्षापूर्वी गेला. वारसाची नोंद झाली असं तिला तोंडी कळलं होतं, पण सातबाऱ्यावर आपलं नाव खरंच आलं की नाही हे तिनं पाहिलेलं नव्हतं, आणि नाव लागलेला सातबारा हातात असल्याशिवाय धानाची नोंदणी होणार नव्हती. तिचा हा तिसरा खेटा. नोंदणीला दोन दिवस उरलेले. तिचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला, म्हणून तिनं मला ओळखलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, हा सर्वर कोन होय जी? मोठा सायब होय का? रोज रोज कसा काय पडते?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना ते हसू जरा बोचायला लागलं. पस्तीस वर्षं पोरांना "कळलं नाही तर विचारा" म्हणत आलो, आणि एका बाईनं विचारलं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सर्व्हर म्हणजे "तिकडे कुठंतरी असलेलं काहीतरी", यापलीकडे मला तरी काय ठाऊक होतं? बी. ए. मराठी-इतिहास घेऊन झालेलं, यंत्रांशी संबंध सायकलीपुरता. मग हाती घेतलंच. जमेल ते वाचलं आणि नागपूरच्या भाच्याला भंडावून सोडलं (तो असलीच यंत्रं सांभाळण्याच्या नोकरीत आहे).

आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की त्या बाईचा प्रश्न बरोबर होता. सर्व्हर "काय" असं न विचारता तिनं "कोण" विचारलं. इतिहास बघितला तर सर्व्हर आधी माणूसच होता!

मला वाटत होतं हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांनी काढला असेल. तसं नाही. तो रांगेच्या गणितातून आला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचा एक गणिती नोकरीला होता. तेव्हा फोन लावायचा तर एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगावं लागे, ती हातानं तार जोडून द्यायची. (आमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसलेलो आहोत.) लोकांना फार ताटकळावं लागू नये म्हणून किती ऑपरेटर ठेवावे, किती लाइनी टाकाव्या, हा कंपनीपुढचा प्रश्न. एरलांगनं १९०९ साली त्याचं गणित मांडलं. त्याच्या लेखात रांगेच्या तोंडाशी ऑपरेटर होती, हाडामांसाची. पुढं लक्षात आलं की हेच गणित दुकानाला, दवाखान्याला, बंदरात लागणाऱ्या बोटींनाही लागू पडतं. तेव्हा एक सर्वसाधारण शब्द हवा झाला. डेव्हिड केंडल या इंग्रज गणित्याच्या १९५३ सालच्या निबंधात तो "सर्व्हर" असा येतो. रांगेच्या तोंडाशी उभं राहून एकेकाचं काम उरकणारा तो सर्व्हर. तिथून तो शब्द कॉम्प्युटरमध्ये शिरला. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट नावाचं जाळं उभं राहत होतं, आजच्या इंटरनेटचा पूर्वज. त्याच्या अगदी सुरुवातीच्या टिपणांत मागणारं यंत्र आणि देणारं यंत्र असा भेद केलेला आहे, आणि देणाऱ्याला सर्व्हर म्हटलेलं आहे.

मराठीत सांगायचं तर वाढपी. पंगतीत आपण पानावर बसून राहतो, "भात" म्हटलं की तो भात आणतो. न मागता तो येत नाही, आणि मागितल्यावर यावंच लागतं.

आमच्या मुलखातला वाढपी म्हणजे पटवारी. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५१ला मालगुजारी संपेपर्यंत गाव मालगुजाराचं आणि कागद पटवाऱ्याचे. खसरा, नकाशा, जमाबंदी, सगळं एका फडक्यात बांधलेलं. त्याला बस्ता म्हणत. तुम्ही जाऊन विचारायचं, तो बस्ता सोडणार, पान काढणार, वाचून दाखवणार, गरज असेल तर नक्कल करून देणार. १९५६ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात. १५ ऑगस्ट १९६७पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि तलाठी, सातबारा हे शब्द इकडे हळूहळू रुळले. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पेरलं, दोन्ही मिळून सातबारा. लोकांच्या तोंडी मात्र पटवारी अजून आहेच. आणि १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी आजही जुन्या भांडणात बाहेर काढावी लागते.

आता हे बघा, पटवारी काय करत होता? एका ठिकाणी बसत होता. नोंदी जवळ ठेवत होता. विचारणाऱ्याला उत्तर देत होता. तो लग्नाला गेला की सर्व्हर डाऊन! पण अडायचं ते त्याच्या साझ्यातलं एक-दोन गाव. पलीकडच्या गावाचं काम चालूच. शिवाय तो कुठं गेला, कधी येईल हे त्याच्या शेजाऱ्याला विचारता येत होतं.

सर्व्हर म्हणजे खास जातीचं यंत्र असतं असा माझा एक समज होता, तोही गेला. सर्व्हर हे यंत्राचं नाव नसून कामाचं नाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यानं १९९०च्या अखेरीस जगातली पहिली वेबसाइट चालू केली, ती त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. नेक्स्ट कंपनीचा काळा ठोकळा. रात्री कुणी झाडूवाला किंवा सहकारी बटण बंद करील या भीतीनं त्यानं त्यावर एक कागद चिकटवला आणि लाल शाईनं लिहिलं, हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. झालं. त्या कागदामुळं तो सर्व्हर झाला म्हणा ना. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरलाही "सतत जागा राहा आणि विचारेल त्याला उत्तर दे" असं काम लावलं तर तोही सर्व्हरच.

पण मग एकाच वेळी हजार जणांनी विचारलं तर एक यंत्र सगळ्यांना कसं पुरतं? हे मला फार दिवस कळत नव्हतं. भाच्यानं दोनदा सांगितलं, डोक्यावरून गेलं. मग माझी पहिली नोकरी आठवली आणि लख्ख उजेड पडला. एकशिक्षकी शाळा! एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची, तोवर दुसरीला पाढे, तिसरीचं शुद्धलेखन तपासता तपासता चौथीला एक गणित फळ्यावर. चारही वर्गांना वाटतं मास्तर आपल्याकडेच आहे. खरं तर तो एका वेळी एकाकडेच असतो. कॉम्प्युटर नेमकं हेच करतो, फक्त सेकंदाचे हजार-लाख तुकडे करून.

ही युक्ती येण्याआधी रांगच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतात घडवलेला पहिला कॉम्प्युटर चालू झाला, आणि १९६४ला तिथं सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन यंत्र आलं. देशभरातले शास्त्रज्ञ त्यावर हिशेब करून घ्यायचे. छिद्रं पाडलेल्या कार्डांची चळत द्यायची आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. तिकडे अमेरिकेत मात्र एमआयटीत १९६१लाच एका यंत्राचा वेळ अनेकांना वाटून देण्याचा प्रयोग झाला होता. आमची एकशिक्षकी शाळा!

आपल्या सामान्य माणसाचा सर्व्हरशी पहिला संबंध आला तो मात्र रेल्वेत, आणि तेव्हा आपल्याला ते कळलंही नाही. मोहाडी तालुक्यातच वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे. पूर्वी लांबच्या गाडीचं आरक्षण म्हणजे रजिस्टर. गाडी जिथून सुटते तिथलं रजिस्टर खरं, मधल्या स्टेशनांनी तारेनं विचारायचं, जागा आहे का म्हणून. उत्तर येईल तेव्हा येईल. १९८६ला दिल्लीत कॉम्प्युटरवर आरक्षण सुरू झालं, पुढं मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. एप्रिल १९९९मध्ये ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली आणि कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. ऑगस्ट २००२पासून ते घरबसल्या इंटरनेटवर.

आता यातली मेख अशी, की खिडकीवरच्या बाबूच्या यंत्रात काहीच नसतं. तो फक्त विचारतो. खरी वही एका ठिकाणी. ती एका ठिकाणी आहे म्हणूनच एकच बर्थ नागपूरच्या आणि हावड्याच्या अशा दोन प्रवाशांना विकला जात नाही. एकानं त्या पानाला हात लावला की सर्व्हर दुसऱ्याला क्षणभर थांबवतो. "थांब, तो लिहितोय." वही एक ठेवली की रांग आलीच. भांडण नको असेल तर रांग सोसायची, असा हा सौदा आहे.

जमिनीच्या बाबतीतही पुढं हाच सौदा झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (आपलं एनआयसी) स्थापन झालं १९७६ला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचं उपग्रहावरून चालणारं जाळं जिल्ह्याजिल्ह्यात पोचायला लागलं. जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेण्याची केंद्राची योजनाही त्याच सुमाराची, १९८८-८९ची. सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. आमची अमेरिकेतली पुतणी सांगते की १९९६च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू झाली तेव्हा तिकडच्या मराठी माणसांना केवढा आनंद झाला होता. इकडे आम्ही तेव्हा भारनियमनात चिमणी पुसत बसलो होतो. असो.

महाराष्ट्रात सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास. बस्त्यातली हस्ताक्षरं वाचून, एकेक ओळ टाइप करून हे यंत्रात घालायचं म्हणजे काय काम असेल, ज्यानं कधी निकालपत्रकं केलीत त्यालाच कळेल. चुका होणारच. कुणाच्या आडनावाचा काना गेला, कुणाचं क्षेत्र दशांश चिन्हासकट सरकलं. आणि सर्व्हरचा स्वभाव असा की त्याच्यात जे भराल तेच तो देतो, विनम्रपणे, लाख वेळा. पटवाऱ्याच्या वहीतली चूक पटवारी ओळखायचा. "अरे, हा तर सखारामचा पोरगा, इथं चुकून शांताराम झालं." सर्व्हरला सखारामही माहीत नाही आणि शांतारामही. म्हणून २०१७च्या उन्हाळ्यात सरकारनं गावोगाव चावडीवाचन लावलं. गाव जमवायचं आणि यंत्रातला सातबारा मोठ्यानं वाचायचा, ज्याची चूक त्यानं उठून सांगायची. सगळ्या संगणकीकरणात मला आवडलेली गोष्ट कोणती विचाराल तर ही. इतकं करून शेवटी तपासायला चावडीच लागली! त्यानंतर १ मे २०१८ला डिजिटल सही असलेला सातबारा आला. पंधरा रुपयांत, घरबसल्या, तलाठ्याच्या शिक्क्याची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून पीकपाहणीही शेतकऱ्यानंच मोबाइलवर करायची असं ठरलं. म्हणजे सात आणि बारा दोन्ही आता सर्व्हरवर.

थोडक्यात काय, तर आमचा बस्ता गावातून तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून थेट राज्याच्या सर्व्हरवर. तो दूर गेला याची मला आधी खंत वाटायची. मग २०१२ आठवलं. २१ जूनला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटली आणि वर सहाव्यापर्यंत गेली. पाच माणसं गेली आणि कागद तर किती गेले! ज्या फायली आधीच स्कॅन करून सर्व्हरवर ठेवल्या होत्या, त्या तेवढ्या वाचल्या. सर्व्हरवरची नोंद एकाच डबीत नसते. तीच नोंद दोन-तीन डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते, आणि शहाणं खातं असेल तर तिची आणखी एक प्रत दुसऱ्या गावी ठेवतं. पटवाऱ्याच्या बस्त्याला वाळवी लागली, की लागली. त्याची दुसरी प्रत नव्हती.

ही यंत्रं राहतात कशी, तेही भाच्यानं सांगितलं. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं, त्यात पुस्तकांसारखी आडवी सरकवलेली यंत्रं. पडदा नाही, की-बोर्ड नाही. एका हॉलमध्ये अशी शेकडो. खातात ती वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून चोवीस तास थंड हवा. वीज गेली तर क्षणात बॅटऱ्या, बॅटऱ्या संपायच्या आत डिझेलचं जनरेटर. देशातली अशी मोठी डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईत गर्दी करून आहेत, कारण समुद्राखालून येणाऱ्या परदेशी तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. (आणि वीज? १९९९पासून चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक खास तार गेलेली आहे. विदर्भाचा बस्ताही तिकडे आणि वीजही तिकडे, असं आमच्या चहाच्या टपरीवर म्हणतात. मी नुसतं सांगतो आहे.)

राशनच्या दुकानात आपण यंत्रावर अंगठा ठेवतो. तो अंगठा दुकानात तपासला जात नाही. आधारची डेटा सेंटरं बंगळुरूच्या हेब्बाळला आणि दिल्लीजवळ मानेसरला. मोहाडीतल्या म्हातारीचा अंगठा तिथवर जातो, तिथली नोंद म्हणते "हो, हीच ती", आणि तो होकार परत आल्यावर तांदूळ मापला जातो. राबून राबून रेघा झिजलेला अंगठा असेल तर होकार येत नाही. हे मात्र सर्व्हरचं दुखणं नाही, तरी खापर त्याच्यावरच फुटतं.

खरं तर "सर्व्हर डाऊन" या दोन शब्दांत निदान सहा दुखणी लपलेली असतात. दुकानातली तार सुटलेली असेल. मोबाइल टॉवरला वीज नसेल. कुठंतरी रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली असेल. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारे सर्व्हर वेगळेच असतात, ते अडले असतील. सर्व्हर ठणठणीत पण त्यामागची नोंदवही गुंतलेली असेल. आणि सहावं, सगळ्यात नेहमीचं, रांग.

या रांगेनं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. आधी अंतराचा हिशेब केला. समजा उत्तर मुंबईत आहे. मोहाडीपासून मुंबई साधारण नऊशे किलोमीटर, जाऊन येऊन अठराशे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्याला एका सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही! वाट वाकडी धरली, मधले टप्पे धरले, तरी पापणी लवण्याच्या आत. दूर गेलेला बस्ता मुळी दूर नाहीच. मग ती बाई तीन दिवस का बसली?

एरलांगच्या वारसदारांचं गणित इथं कामी आलं. एकच खिडकी आहे, माणसं केव्हाही येतात, कुणाचं काम छोटं, कुणाचं मोठं. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर नव्यानं आलेल्याला सरासरी एका माणसाच्या कामाइतकं थांबावं लागतं. आपल्याला वाटेल, गर्दी दुपटीच्या आत वाढली तर थांबणंही दुपटीच्या आत वाढेल. नाही! खिडकी ९० टक्के गुंतली की नऊ माणसांच्या कामाइतकं थांबायचं. ९५ टक्क्यांना एकोणीस. ९९ टक्क्यांना नव्व्याण्णव. ९०पासून ९९पर्यंत गर्दी दहावा हिस्सा वाढली आणि थांबणं अकरा पट झालं. मी हे वहीत तीनदा करून पाहिलं. आणि त्यातून माणसं काय करतात? उत्तर येत नाही म्हणून पुन्हा बटण दाबतात. प्रत्येक दाबण्याबरोबर रांगेत एक नवा माणूस उभा राहतो, जुना तर आहेच. शेवटी सर्व्हर म्हणतो, आता मी कुणालाच घेत नाही.

म्हणजे दुखणं यंत्रात कमी आणि कॅलेंडरात जास्त. लाखो शेतकऱ्यांना एकच शेवटची तारीख द्यायची, आणि कामाची वेळ म्हणजे सगळ्यांची तीच, सकाळी अकरा ते पाच. धान कापणीला आलेला माणूस आठ दिवस आधी कसा येईल, आणि शेवटच्या दिवशी तो आला तर चूक त्याची कशी? तारीख ठरवणाऱ्यानं हे एरलांगचं कोष्टक एकदा भिंतीवर लावावं, असं मला फार वाटतं. शाळेत परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आम्हीसुद्धा अशीच लावत होतो म्हणा. तेव्हा रांग माझ्या टेबलापुढं होती आणि मी पोरांवर ओरडत होतो.

भाच्यानं एक साधा उपाय सांगितला. "मामा, पहाटे करून बघा." मी तसाही चारला उठणारा. त्या बाईच्या मुलाला फोन करून गट नंबर मागून घेतला. पहाटे साडेचारला चौंडेश्वरीच्या देवळाकडून अजून काकड्याचा आवाजही आलेला नव्हता. कॉम्प्युटर लावला, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, पंधरा रुपये. चकती एकदा, फार तर दीडदा फिरली आणि सातबारा समोर! तीन दिवस जे मिळत नव्हतं ते मिनिटभरात. मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

सकाळी छापून घेतला आणि दुकान उघडायच्या वेळेला गेलो. ती पायरीवर येऊन बसलेलीच होती. कागद हातात दिला तर तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्याकडे दिला. "वाचून दाखवा ना जी. माह्यं नाव हाये का त्यात?"

मी मोठ्यानं वाचलं. गाव, गट नंबर, क्षेत्र, आणि मग तिचं नाव, त्यामागं नवऱ्याचं नाव, आडनाव. काना-मात्रा सगळं जागच्या जागी होतं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. मग घडी करून पदराला गाठ मारली.

"मंग हा सर्वर रातभर जागाच राह्यते का गुरुजी?"

मी म्हटलं, हो, रात्रंदिवस.

"आन पगार कोन देते जी त्याले?"

तेवढ्यात पोरानं शटर वर केलं आणि ती पहिल्या नंबरावर जाऊन बसली.